आडवाटेचं रक्त

६ जानेवारी

चि. उंदीरताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अर्ध्या पानाचं पत्र मिळालं. त्या अर्ध्या पानात तू तीनदा 'बाकी ठीक' लिहिलं आहेस. एकदा लिहिलं तर चालतं, दुसऱ्यांदा शंका येते आणि तिसऱ्यांदा वाचणारा समजून जातो की बाकी काहीच ठीक नाही. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून पोट भरलं, त्यामुळे हे दिसतंच. रागावू नकोस.

फोनच्या भानगडीत पडू नकोस. यंत्र लावूनही मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो. तुझी आई होती तेव्हा ती मध्ये बसून माझ्या कानात ओरडायची. आता तीही नाही, तुझी मामीही नाही. तेव्हा पत्रच बरं. बारा दिवस लागतात, तर लागू देत.

माझी बातमी म्हणजे उजवा पाय. घरातून निघालो की तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी पोटरी अशी आवळते की खांब धरून उभं राहावं लागतं. दोन मिनिटांत थांबतं, पुढे निघालो की परत तेच. समोरच्या केशकर्तनालयवाल्याला वाटतं, मला खांब मोजायला कोणी नेमलंय. डॉक्टर म्हणाले, मांडीतली मोठी धमनी बंद झाली आहे. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज घ्यायची, आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं रोज पाऊण तास. शरीर म्हणे आपली आडवाट आपणच तयार करतं. कशी करतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बाहेर अजून चौदा जण बसलेत.

माझ्या दारापासून जुन्या छापखान्यापर्यंत अकरा खांब आहेत. तिथवर जाऊन यावं एवढीच इच्छा आहे. छापखाना बंद झालाय, पण ओटा आहे बसायला.

तू उंदरांच्या मांड्यांचं काहीतरी करतेस एवढंच मला माहीत आहे. ते हेच का? सवडीने लिही.

मामा


२१ जानेवारी

ती. मामा,
नमस्कार.

आधी घाबरले. मग तुमचा तो केशकर्तनालयवाला वाचून हसले. मग खुर्ची ओढून लिहायलाच बसले. होय, हेच. मी आठ वर्षं करतेय ते अगदी हेच आहे, आणि घरातल्या माणसाने ते मला पहिल्यांदा विचारलं.

माझी प्रयोगशाळा तळघरात आहे, खिडकी नाही. मी उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीतली मोठी धमनी दोऱ्याने बांधते. पंजा पांढरा आणि गार पडतो. मग त्याला एका यंत्राखाली ठेवायचं. त्यात रक्त जिथे जास्त तिथे तांबडं दिसतं, कमी तिथे निळं. पहिल्या दिवशी पंजा निळाशार असतो. तीन आठवड्यांनी पाहावं तर पुन्हा तांबूस. दोरा जागचा हललेला नसतो, गाठ तशीच असते. रक्त दुसरीकडून आलेलं असतं.

कसं, ते तुमच्या डॉक्टरांच्या वतीने मी सांगते. मोठ्या धमनीच्या आजूबाजूला केसाहून बारीक जोडवाटा जन्मापासून असतात. एरवी त्यांतून रक्त जेमतेम जातं. मोठी वाट बंद झाली की सगळा लोंढा त्यांच्यात शिरतो आणि आतल्या भिंतीला जोरात घासू लागतो. भिंतीवरच्या पेशींना ते कळतं आणि त्या चिकट होतात. मग तिथे पांढऱ्या पेशी येतात. त्याच, ज्या जखमेत जंतू खायला धावतात. इथे तर जंतूही नसतो. तरी त्या भिंतीला चिकटतात, आरपार जाऊन नळीच्या बाहेरच्या अंगाला बसतात आणि आजूबाजूचं घट्ट विणलेलं सैल करतात, म्हणजे नळीला रुंदायला जागा होते. वर असे रस सोडतात की भिंतीतल्या पेशी वाढू लागतात. केसाएवढी वाट दहा-वीसपट मोठी होते. मी तिसऱ्या दिवशीचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरते तेव्हा नळीभोवती या पेशींची गर्दी असते. एकविसाव्या दिवशी तिथे जवळजवळ कोणी नसतं. काम झालं की त्या निघून जातात.

आणखी एक सांगते. हे मी अजून आमच्या प्रमुखांनाही नीट सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात मी आठ उंदरांना सूज उतरवणारं औषध दिलं. त्यांच्यात पेशी आल्याच नाहीत आणि वाटही झाली नाही. आठही पंजे निळेच राहिले. म्हणजे आपण जिला सूज म्हणून दाबून टाकतो, तीच वाट करून देत असते.

चार पानं झाली की हो. तुम्ही चाला, मामा. दुखलं की समजा, आत कामाला सुरुवात झाली.

तुमची,
उंदीरताई


१० फेब्रुवारी

चि. उंदीरताईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा चुकांसाठी, उरलेल्या दोन वेळा उगाच. चुका सात आहेत, सांगत नाही.

थोडक्यात मला कळलं ते असं, की आपल्या अंगातले पोलीस वेळ पडली तर गवंडीकामही करतात. पगार तोच. मी हे वरच्या मजल्यावरच्या बाईला वाचून दाखवलं. ती आमच्याच छापखान्यात बाइंडर होती. ती म्हणाली, "पोलीस गवंडी झाले तर चोर कोण पकडणार?" तिला शास्त्र कळत नाही, पण प्रश्न वाईट नव्हता.

काल पाचव्या खांबापर्यंत गेलो. पोटरी आवळली तेव्हा खांब धरून मनात म्हटलं, लागा कामाला.

हल्ली वाचायला काही नसतं, म्हणून औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदही वाचून काढला. मुंगीएवढी अक्षरं आहेत. तो शेवटपर्यंत वाचणारा जगात मी एकटाच असेन. आमच्या धंद्यात एक नियम होता. मूळ प्रत आणि छापलेला मजकूर यांत फरक पडला, तर मूळ प्रत खरी. छापणाऱ्याचं शहाणपण चालायचं नाही. त्या नियमावर छत्तीस वर्षांत एकदाही तोंडघशी पडलो नाही.

एक विचारतो. सूज उतरवणारी औषधं माणसाच्या अंगातही असंच करत असतील का? सविस्तर लिही. पानांची काळजी करू नकोस.

मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामा,
नमस्कार.

पाच खांब! तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत नेलं होतं. दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून पिंजऱ्यांसमोर वाचलं. बाइंडर काकूंचा प्रश्न उंदरांना आवडला असावा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माणसाचं छातीठोक सांगता येत नाही, पण माझ्या मते हो. शरीर तेच आहे, पेशी त्याच आहेत. मी तर म्हणेन, सूज म्हणजे शत्रू ही समजूतच काढून टाकायला हवी. तिला तिचं काम करू द्यावं. आता मी अठरा उंदरांची दुसरी तुकडी घेतली आहे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. पहिल्यासारखंच आलं तर हा माझा शोध ठरेल.

आणि ते 'बाकी ठीक'चं. बरोबर ओळखलंत. इथे मला वाईट वागवणारं कोणी नाही. सगळे हसून विचारतात, कशी आहेस, आणि उत्तर ऐकायच्या आत जिना चढून गेलेले असतात. शुक्रवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेचं दार ओढून घेते, त्यानंतर सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. मागे एका रविवारी दुकानात पिशवी मागितली, तर घशातून शब्दच फुटेना. दुकानदाराला वाटलं मला सर्दी झालीय.

हे आईला कधी लिहिलं नाही, ती रडली असती. तुम्ही रडू नका. पुढचे खांब कळवा.

उंदीरताई


२० मार्च

चि. उंदीरताईस,
आशीर्वाद.

रडलो नाही. चष्मा पुसला, एवढंच.

आठ खांब झाले आहेत. आठव्या खांबाजवळ पाव विकणारी बाई बसते. तिने आज विचारलं, "आजोबा, इतके दिवस कुठे होता?" मला कोणी शोधत होतं हे कळून बरं वाटलं. रोज सकाळी जातो, संध्याकाळीही जातो. मी आता सगळं मूळ प्रतीप्रमाणे करतो आहे, तू निश्चिंत राहा.

दुसऱ्या तुकडीचं काय झालं? हे सगळं पहिल्यापासून लिही. त्या चिकट पेशींना ओळख कशी पटते, तेही लिही. चार पानांहून कमी चालणार नाही.

मामा


१४ एप्रिल

ती. मामा,
नमस्कार.

घाईत लिहिते आहे. दुसऱ्या तुकडीचे आकडे आले, त्यावर अजून विचार चालू आहे. सविस्तर मागाहून लिहीन. आठ खांब म्हणजे कमाल आहे तुमची. जपून चाला.

बाकी ठीक.

उंदीरताई


२८ मे

ती. मामा,

सव्वादोन महिन्यांत तुमचं एक ओळीचंही पत्र नाही. माझ्याच पत्रात काही चुकलं का? अकरा खांब झाले असतील तर नुसतं 'अकरा' लिहून पाठवा.

उंदीरताई


११ जून

चि. उंदीरताईस,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. इथे काही विशेष नाही. पाय आहे तसाच आहे. खांब मोजायचा कंटाळा आला, म्हणून ते सोडून दिलं. अक्षर तिरकं दिसेल, पलंगावर बसून लिहितो आहे. तुझ्या दुसऱ्या तुकडीचं लिही.

मामा


१२ जून

बाई, तुम्हाला मी ओळखत नाही, पण तुमची सगळी पत्रं मी ऐकली आहेत. मी तुमच्या मामांच्या वरच्या मजल्यावर राहते, बाइंडर होते ती. त्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. चिकटवायचं काम जन्मभर माझंच होतं. चिकटवायच्या आधी ही चिठ्ठी आत घालते आहे. त्यांना हे माहीत नाही.

त्यांच्या पत्रात आहे ते खरं नाही. चोवीस एप्रिलला सकाळी त्यांचा पाय एकाएकी पांढराफटक पडला. हात लावला तर दगडासारखा गार होता. ओरडत होते, कधी न ओरडणारा माणूस. मी आणि केशकर्तनालयवाल्याने उचलून दवाखान्यात नेलं. धमनीत रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरांनी ती काढायचा प्रयत्न केला. तीन मेला उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

डॉक्टर मला विचारायला लागले, गोळी रोज घेत होते ना? मी म्हटलं, घेत होते, मीच आणून द्यायची. घरी येऊन कपाट उघडलं तर गोळ्यांच्या अकरा पट्ट्या न फोडता तशाच ठेवलेल्या. त्यांच्याबरोबर औषधाच्या खोक्यातला कागद होता. त्यात एका ओळीखाली लाल रेघ होती: वेदना, ताप व सूज यांवरही उपयुक्त. आणि तुमचं जानेवारीचं पत्र होतं. त्यातही सुजेच्या ओळीखाली लाल रेघ.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. ते दिवसभर एकटे असतात. मी संध्याकाळी जाते. माझा फोन नंबर खाली दिला आहे.


२६ जून

मामा,

काकूंवर रागावू नका. त्यांनी मला सगळं कळवलं आणि काल मी त्यांना फोनही केला.

तुम्ही फेब्रुवारीत लिहिलं होतं की खोक्यातला कागद वाचला. मी ते गंमत म्हणून वाचलं आणि मुंगीएवढ्या अक्षरांना हसले. तुम्ही जे विचारत होता ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मला एवढंच दिसलं की कोणीतरी माझ्या कामाबद्दल विचारतंय.

ती गोळी रक्ताची गाठ होऊ नये म्हणून होती, मामा. आडवाट होवो न होवो, ती घ्यायलाच हवी होती. एका ओळीत सांगता आलं असतं. आठ पानांत ती एक ओळ मी लिहिली नाही.

आणखी एक आहे आणि ते जास्त वाईट आहे. दुसरी तुकडी फसली. औषध दिलेल्या नऊ उंदरांपैकी पाचांचे पंजे तांबडे झाले. पहिल्या आठांच्या वेळी बहुधा माझ्या दोऱ्यात शेजारच्या बारीक जोडवाटाही बांधल्या गेल्या होत्या. हे मला दहा एप्रिलला कळलं. चौदाला तुम्हाला पत्र लिहिलं, त्यात 'विचार चालू आहे' म्हटलं. विचार कसला चालू होता, मला लाज वाटत होती. जगात एकच माणूस माझ्या शोधाची वाट पाहत होता आणि त्याला शोध नाही म्हणून सांगायचं माझ्याने झालं नाही.

आठ उंदरांवरून माणसाला सांगू नये, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलंही जाणतात. तुमचा पाय माझ्यामुळे गेला. मला शिव्या द्या, पण पत्र पाठवा.


१५ जुलै

चि. उंदीरताईस,
आशीर्वाद.

शिव्या देणार होतो, पण छापण्याजोगी एकही सुचली नाही.

आधी हिशेब चोख करू. तू चौदाला खरं लिहिलं असतंस तरी ते पत्र मला सव्वीसला मिळालं असतं. पाय चोवीसला गेला. तेवढं ओझं उतरव. बाकीचं आहे. तू जे पुरतं माहीत नव्हतं ते ठासून लिहिलंस, ही तुझी चूक आहे आणि मी ती पुसणार नाही. पुढे कोणाला लिहिताना आठवेल.

माझी चूक याहून मोठी आहे. तुझं पत्र मूळ प्रत धरून मी गोळी सोडली. मूळ प्रतीचा नियम पुस्तकांसाठी असतो, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून आहे. चौदा जणांच्या मागे पंधरावा होऊन बसलो असतो तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. मी गेलो नाही. का गेलो नाही, ते दवाखान्यातल्या खाटेवर पडून पुष्कळ दिवस शोधलं. खरं सांगतो. तुझी मामी गेल्यापासून तुझी पत्रं अर्ध्या पानाची यायची. पायाबद्दल विचारलं आणि चार पानं आली. पुन्हा विचारलं, पुन्हा चार आली. उत्तर डॉक्टरांकडून मिळालं असतं तर तुला विचारायला माझ्याकडे काय उरलं असतं? पाय जाईल असं वाटलं नव्हतं. पण त्या दिवसांत मला कोणी विचारलं असतं, पाय हवा की पानं, तर मी लगेच पाय म्हटलं नसतं.

हे वाचून रडू नकोस. चष्मा असेल तर पूस.

आता एक तुझ्या कामाचं. कापण्याआधी शल्यवैद्य म्हणाले होते, मांडीतूनच काढावा लागेल. मग तपासलं तर गुडघ्याच्या आसपास बारीक वाटांनी रक्त चांगलं येत होतं. त्यांनी विचारलं, काही करत होता का? मी म्हटलं, खांब मोजत होतो. म्हणाले, त्यानेच गुडघा वाचवला. गुडघा असला की खोटा पाय वाकवता येतो म्हणे. तेव्हा तुझे गवंडी येऊन गेले. त्यांच्यावर रागावू नकोस. शोध फसला असेल, ते फसले नाहीत.

तू येण्याचा विचार करत असशील. येऊ नकोस. पश्चात्तापाने आलेला पाहुणा फार जड होतो. काम सांभाळ.

मामा


२९ जुलै

ती. मामा,
नमस्कार.

या पत्रात एकही पेशी नाही. उंदीरही नाही.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर गेली तीन वर्षं मी इस्त्रीचे कपडे ठेवते, कारण तिच्यावर कोणी बसत नाही. पलीकडच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांचा खोकला मला पाठ आहे, पण त्यांचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. सकाळी चहा करते, एकच कप. आई गेली तेव्हा मी आले नाही, कारण तिकीट नव्हतं असं सगळ्यांना सांगितलं. तिकीट होतं. घरात शिरल्यावर मला हाक मारणारं कोणी नसेल, त्याची भीती वाटली. मामी गेल्या तेव्हाही तेच. मामींनंतर तर तुम्ही अगदी एकटे उरलात आणि दोन्ही वेळा मी अर्धं पान पाठवलं.

तुम्ही पाय विचारलात म्हणून मी चार पानं लिहिली हे खरं आहे. नुसतं 'कशी आहेस' विचारलं असतंत तर मी 'बाकी ठीक' लिहिलं असतं. आपण दोघेही सारखेच. सरळ विचारता येत नाही आणि सरळ सांगताही येत नाही.

म्हणून आता सरळ लिहिते. मला दोन महिन्यांची रजा मिळाली आहे. पश्चात्ताप आहेच, तो जाणारही नाही, पण मी त्यासाठी येत नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. कानात ओरडायला कोणीतरी हवं ना, आईच्या जागी मी बसते. तुमचा नवा पाय बसवतील तेव्हा पहिल्या खांबापर्यंत माझा हात धरा. दुसऱ्यापर्यंत धरू नका.

हे पत्र तुम्हाला दहा ऑगस्टला मिळेल. तुम्ही त्याच दिवशी बसून 'येऊ नकोस' लिहाल, ते मला माहीत आहे. ते इथे बावीसला पोचेल. मी चौदाला निघते. काकूंना फोन करायला सांगाल, तर त्या करणार नाहीत, मी विचारून ठेवलं आहे. तेव्हा कागद वाया घालवू नका.

तुमची भाची